घरात अन्न पिकवणारं यंत्र: निसर्गाकडून नेमकं काय उचलायचं?

ओलावा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

खोलीच्या कोपऱ्यात मावेल, कपाटाच्या एका खणाएवढी जागा घेईल असं अन्न पिकवणारं यंत्र बनवायचा विचार बरेच दिवस डोक्यात घोळतोय. पालेभाज्या, कोवळे अंकुर, जमलं तर आळंबी. अशी यंत्रं तयार मिळतात. त्यांत पंप असतो, टायमर असतो, सेन्सर असतात, फोनवर ॲप असतं. पंप बंद पडला की मुळं उघडी पडतात आणि रोपं माना टाकतात. जंगलात कुणी टायमर लावत नाही, तरी पाणी केव्हा ओढायचं, पर्णरंध्रं केव्हा मिटायची, मूळ कुठे वळवायचं हे झाड स्वतः ठरवतं. तेव्हा यंत्र हुशार करण्याऐवजी रोपाच्या अंगच्या हुशारीला वाव देणारं यंत्र करता येईल का, हे मला शोधायचंय.

बायोमिमिक्री, म्हणजे जैवअनुकरण, ही कल्पना जनीन बेन्यस यांच्या १९९७ च्या पुस्तकानंतर सर्वदूर पोचली. या विषयातली दोन उदाहरणं जवळपास प्रत्येक लेखात भेटतात, आणि दोन्हींचा पुढचा इतिहास वाचून मी सावध झाले.

पहिलं उदाहरण नामिब वाळवंटातल्या भुंग्याचं. पाठीवरच्या पाणी धरणाऱ्या उंचवट्यांवर धुक्याचे थेंब जमतात आणि तोंडाकडे ओघळतात, असं २००१ मध्ये पार्कर आणि लॉरेन्स यांनी मांडलं. त्यावरून पाणी गोळा करणारे कितीतरी पृष्ठभाग तयार झाले. पण धुक्यात डोकं खाली करून उभा राहताना १९७६ मध्येच नोंदवला गेलेला भुंगा वेगळ्या जातीचा आहे, ओनिमॅक्रिस अंग्विक्युलॅरिस. त्याची पाठ बऱ्यापैकी गुळगुळीत असते. २०१० मध्ये नॉरगार्ड आणि डाके यांनी चार जाती शेजारी ठेवून तपासल्या, तेव्हा धुक्यात तशी उभी राहिली ती हीच एक जात. म्हणजे पाणी मिळवण्यात पाठीच्या नक्षीपेक्षा उभं राहण्याच्या सवयीचा वाटा मोठा होता.

दुसरं वारुळाचं. हरारेतली ईस्टगेट ही मिक पिअर्स यांनी आखलेली इमारत १९९६ मध्ये उभी राहिली. वारुळात गरम हवा धुराड्यासारखी वर जाते आणि आत गारवा राहतो, ही तिच्यामागची समजूत. इमारत उत्तम चालते, कमी वीज खाते. वारूळ मात्र तसं चालत नाही. स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोर यांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की वारुळाचं मुख्य काम श्वासाचं आहे: आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर, बाहेरचा प्राणवायू आत. २०१५ मध्ये महादेवन यांच्या गटानं ओडोंटोटर्मिस ऑबेसस या वाळवीच्या वारुळांत प्रत्यक्ष हवेचा वेग मोजला. दिवसा बाहेरच्या पातळ भिंती तापतात, रात्री निवतात, आणि त्या चढउतारानं आतल्या हवेची दिशा दिवसरात्र पालटत राहते.

दोन्हीकडे आकार आधी डोळ्यात भरला आणि काम मागाहून कळलं. म्हणून मला आधी कामांची यादी हवी आहे. मुळांना एकाच वेळी पाणी आणि प्राणवायू कसा द्यायचा? पानांभोवतीची हवा कशी हलवायची? दमटपणा वाढला की विजेशिवाय झडप कशी उघडेल? उरल्यासुरल्या पाल्याचं काय? ही कामं कोणता जीव, कुठे, कशी करतो ते ज्याला जे माहीत असेल त्यानं लिहा. नुसतं "मधमाशीच्या पोळ्यासारखे षटकोनी कप्पे करा" असं नको. षटकोनात मेण वाचतं हे खरं, पण आपल्याला मेण वाचवायचं नाहीये.

मुळाक्षर

धागा आवडला. मातीविना शेतीची मला सवय आहे, म्हणून मुळांपासून सुरू करतो.

पंप लागतो तो पाणी पोचवण्यापेक्षा प्राणवायू पोचवण्यासाठी. २० अंश सेल्सियसला एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. म्हणजे मुळांची भूक उन्हात वाढते आणि नेमका तेव्हाच साठा आटतो. त्यात पिथियमसारखे मूळकूज आणणारे जीव कोमट पाण्यात फोफावतात.

दलदलीतल्या वनस्पतींनी यावर दोन उपाय शोधलेत. भाताच्या मुळात हवेच्या पोकळ्या असतात, पानांकडून आलेली हवा त्यांतून टोकापर्यंत जाते. खारफुटीतली काही झाडं श्वसनमुळं चिखलाबाहेर काढतात. आपल्याला यातलं काही बनवायची गरज नाही, कारण साध्या पालेभाजीच्या रोपातही मुळांचं काम वाटून घेण्याची कुवत असते. हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅट्की यांची पद्धत याच कुवतीवर उभी आहे. भांडं खतपाण्यानं भरायचं, रोप वर बसवायचं, आणि पुन्हा पाणी ओतायचं नाही. रोप पाणी पितं, पातळी उतरते, वर उघडी पडलेली मुळं दमट हवेतून प्राणवायू घेऊ लागतात, खालची पाण्यात राहतात. पंप नाही, वीज नाही. एका लेट्यूसला साधारण ४ लिटरचं भांडं काढणीपर्यंत पुरतं.

यात एकच पथ्य. पातळी उतरल्यावर पुन्हा काठोकाठ भरलं तर हवेत वाढलेली मुळं गुदमरतात. भरायचंच असेल तर थोडं भरा, वरची मुळं उघडी राहू द्या. आणि भांडं अपारदर्शक हवं, नाहीतर शेवाळ आधी जेवून घेईल.

ओलावा

हेच हवं होतं. टोमॅटोसारख्या दीर्घ मुदतीच्या पिकाला काय? एवढं मोठं भांडं खणात मावणार नाही.

मुळाक्षर

तिथे वात किंवा पुरलेलं सच्छिद्र मडकं. दोन्हींत मुळांभोवतीचं माध्यम कोरडं पडेल तसं पाणी ओढलं जातं, ओलं असेल तर थांबतं. वातीला उंचीची मर्यादा आहे. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी केशाकर्षणानं सुमारे १५ सेंटीमीटर चढतं. नळी बारीक केली तर उंची वाढते पण प्रवाह झपाट्यानं घटतो. म्हणून टाकी आणि मुळं यांत पंधरा सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. ऑस्ट्रेलियातला काटेरी सरडा, थॉर्नी डेव्हिल, ओल्या वाळूवर उभा राहतो आणि त्याच्या खवल्यांमधल्या बारीक खाचांतून पाणी तोंडापर्यंत चढतं. तोही बुटकाच आहे.

झाडं शंभर मीटरवर पाणी नेतात ते केशाकर्षणानं नव्हे. पानांतून बाष्प उडतं आणि जलवाहिन्यांतला अखंड पाण्याचा धागा वर खेचला जातो, हे डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्येच मांडलं. तो पंप आपल्या रोपात बसवलेलाच आहे. आपण फक्त पाणी मुळाशी ठेवायचं.

गणिती

उत्साहावर पाणी टाकायचं नाहीये, पण प्रकाशाचा हिशोब आधी झालेला बरा. बाकी सगळं त्याच्यापुढे किरकोळ आहे.

लेट्यूससारख्या पाल्याला दिवसाला दर चौरस मीटरला साधारण १२ ते १७ मोल (कणांची संख्या मोजायचं एकक) प्रकाशकण लागतात. एलईडीनं सेकंदाला २०० मायक्रोमोल दिले आणि दिवा १६ तास ठेवला तर साडेअकरा मोल होतात, म्हणजे जेमतेम. चांगला एलईडी एका ज्यूलमागे अडीच मायक्रोमोल देतो असं धरू. मग दिवा ८० वॉटचा, रोजची वीज १.२८ युनिट.

आता उत्पन्न. एका चौरस मीटरवर सरासरी रोज १०० ग्रॅम पाला निघाला असं समजा. त्यात ९५ टक्के पाणी आणि सुमारे १५ किलोकॅलरी. १.२८ युनिट वीज म्हणजे ११०० किलोकॅलरी. अकराशे घालून पंधरा हाती येतात. माणसाची रोजची गरज २००० च्या आसपास. म्हणजे हे यंत्र पोट भरणार नाही, आणि कुठल्याही भुंग्याच्या पाठीनं हे गणित पालटणार नाही.

नवखी

मग हे करायचंच कशाला? प्रामाणिक शंका आहे. मला खरंच करून बघायचंय, पण वरचा हिशोब वाचून थबकले.

ओलावा

नवखी, शंका रास्त आहे. गणितींचा हिशोबही मला मान्य आहे. पाला कॅलरीसाठी कुणीच खात नाही. जीवनसत्त्वं, चव, तोडल्याबरोबर ताटात येणं यासाठी खातो, आणि पालेभाजी तोडल्यापासूनच उतरू लागते. ज्याच्या घराला अंगण नाही त्याला रोज मूठभर ताजा पाला मिळाला तर यंत्रानं आपलं काम केलं. धान्य शेतातच पिकू दे.

पण त्या हिशोबातून रचनेची पहिली अट मात्र निघते: खिडकीचा उजेड फुकट आहे, तो आधी वापरायचा, दिवा फक्त तुटवडा भरायला. इथे वाळवंटातल्या खिडकी-वनस्पती शिकवण्यासारख्या आहेत. फेनेस्ट्रारियाचं पान जवळजवळ पूर्ण वाळूत गाडलेलं असतं, वर दिसतो तो फक्त पारदर्शक शेंडा. त्यातून ऊन आत शिरतं आणि खालच्या हिरव्या भिंतींवर पसरून पडतं. पानाचं मोठं क्षेत्र जमिनीखाली, उजेडाचं दार मात्र लहान. आपल्याकडे खिडकी एका बाजूला आणि रोपं खोल खणात, म्हणजे तोच पेच. मागची आणि बाजूची भिंत मंद पांढऱ्या रंगानं रंगवली तर आलेला उजेड विखरून मागच्या रोपांपर्यंत पोचतो. आरसा लावला तर एका जागी झोत पडतो, बाकी अंधार राहतो. मंद पांढरा रंग इथे बरा.

पानशिरा

वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून पाण्याच्या जाळ्याबद्दल लिहिते. हा माझा लाडका विषय आहे.

मोठ्या नळीचे फाटे फुटताना किती जाडीचे ठेवावेत यावर सेसिल मरी यांनी १९२६ मध्ये रक्तवाहिन्यांसाठी नियम मांडला: मूळ नळीच्या त्रिज्येचा घन म्हणजे सगळ्या फाट्यांच्या त्रिज्यांच्या घनांची बेरीज. काही वनस्पतींच्या जलवाहिन्याही या नियमाच्या जवळ जातात असं पुढे दिसलं. तुमची मुख्य नळी १६ मिलिमीटर व्यासाची असेल आणि आठ समान फाटे हवे असतील तर प्रत्येक फाटा ८ मिलिमीटरचा. चार हवे असतील तर सुमारे १० चा. प्रवाह संथ असला तरच हा नियम लागतो. मिनिटाला एक लिटरला १६ मिलिमीटरच्या नळीत तो संथच राहतो.

पण माझा आग्रह दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. बहुतेक फुलझाडांचं पान उजेडासमोर धरून बघा. शिरा नुसत्या फाटत जात नाहीत, त्या पुन्हा एकमेकींना मिळतात, जाळी होते. गिंकोच्या पानात मात्र शिरा फाटतात आणि सहसा मिळत नाहीत. २०१० मध्ये काटिफोरी आणि सहकाऱ्यांनी गणितानं दाखवलं की जाळ्याला इजा होण्याची शक्यता असेल किंवा मागणी जागोजाग कमीजास्त होत असेल, तर बंद वळणं असलेलं जाळंच सरस ठरतं. किड्यानं पानाला भोक पाडलं तरी पाणी वळसा घालून पलीकडे जातं.

घरच्या यंत्रात नळी तुंबणं ही रोजची बाब आहे. मुळाचा तुकडा अडकतो, खताचा थर बसतो. एका टोकाला बंद असलेली नळी तुंबली की पलीकडची सगळी रोपं तहानलेली. तीच नळी वळवून पुन्हा सुरुवातीला जोडली तर प्रत्येक रोपाला दोन्हीकडून पाणी येतं. हाताच्या लांबीएवढी जास्तीची नळी, एवढाच खर्च.

गणिती

वळणाच्या नळीला माझा पूर्ण पाठिंबा. मरीच्या नियमाबद्दल एक गोष्ट जोडतो, नाहीतर वाचणाऱ्यांची अपेक्षा भलतीच होईल. तो नियम द्रव ढकलायची ऊर्जा आणि नळीत मावणारं द्रव यांचा मेळ घालतो. सगळ्या फाट्यांत सारखं पाणी जाईल अशी हमी तो देत नाही. वरच्या उदाहरणात ८ मिलिमीटरच्या मीटरभर फाट्यात घर्षणानं होणारी दाबाची घट जेमतेम २ मिलिमीटर पाण्याएवढी आहे. म्हणजे एक फाटा दुसऱ्यापेक्षा दोनच मिलिमीटर खाली बसला तर पाण्याची वाटणी बिघडली. नळ्यांचा व्यास कोरत बसण्याआधी पाणपातळी लावून खण सपाट करा.

नवखी

पाणपातळीचं लक्षात ठेवते. उभ्या नळीत भोकं पाडून रोपं लावतात, त्यात ती सूर्यफुलासारखी १३७.५ अंशांवर लावावीत असं वाचलं. उपयोग होतो का?

पानशिरा

थोडा होतो, तो असा. दर रोप ९० अंशांनी फिरवलं तर पाचवं रोप बरोबर पहिल्याच्या वर येतं आणि सावली धरतं. १३७.५ अंशांनी फिरवलं तर कुठलंही रोप दुसऱ्याच्या नेमकं वर येत नाही. पण उजेड सगळीकडून येत असेल तरच याला अर्थ. खिडकी एका बाजूला असेल तर मागची निम्मी रोपं कुठल्याही कोनात अंधारातच. नळी फिरती ठेवा किंवा उजेडाच्या बाजूलाच रोपं लावा.

बुरशीमित्र

आतापर्यंत पाणी आणि उजेड झाला. हवा राहिलीय, आणि मला वाटतं पेटीबंद यंत्रं तिथेच मार खातात.

एक चौरस मीटर तळ आणि अर्धा मीटर उंची, म्हणजे ५०० लिटर हवा. त्यात आजच्या सुमारे ४२० पीपीएमनं कार्बन डायऑक्साइड असतो पाव लिटरहून कमी. पानांनी चौरस मीटरला सेकंदाला १० मायक्रोमोल या बेतानं तो ओढला तर पाव तासात फडशा. प्रत्यक्षात कमी होईल तसा वेग मंदावतो, म्हणजे रोपं उपाशी पण जिवंत. दिवा जळत राहतो, वीज जात राहते, वाढ होत नाही. धागाकर्तीनं वारुळाच्या श्वासाचं लिहिलंय ते म्हणूनच इतकं मोलाचं. यंत्राला गारव्यापेक्षा श्वासाची गरज मोठी आहे.

आता वारुळात श्वास एवढा लागतो कशाला? काही वाळव्या बुरशीची शेती करतात. कुजलेलं लाकूड-पाला चावून त्याचे थर रचतात, त्यावर टर्मिटोमायसिस बुरशी वाढवतात, ती खातात. बुरशी श्वास घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते. पाने कापणाऱ्या मुंग्याही बुरशी पिकवतात. आपण घरात अन्न पिकवायचं म्हणतोय तर हे जीव कोट्यवधी वर्षं घरातच अन्न पिकवतायत!

त्यांच्याकडून माझ्या मते दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली जोडणी. आळंबीला उजेड नावापुरता पुरतो, वाळलेल्या काडीवर ती वाढते, आणि तिला आपला कार्बन डायऑक्साइड बाहेर जायला हवा असतो, नाहीतर देठ लांबतात आणि छत्री खुरटते. पानांना तोच वायू हवा. आळंबीचा कप्पा खाली, पाल्याचा वर, मध्ये हवेची वाट. एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण.

दुसरी स्वच्छता. मुंग्यांच्या बागेवर एस्कोव्हॉप्सिस ही परजीवी बुरशी टपलेली असते. मुंग्या सतत बाग चाळतात, रोगट तुकडा उपटून बाहेर नेतात, कचरा वेगळ्या कोठीत किंवा वारुळाबाहेर टाकतात. त्यांच्या अंगावर स्यूडोनोकार्डिया जिवाणू असतात, ते परजीवीला मारणारं रसायन बनवतात, हे कॅमेरॉन करी यांनी १९९९ मध्ये दाखवलं. आपण जिवाणूंच्या मागे लागू नये. कचऱ्याची कोठी वेगळी ठेवणं आणि रोज हात फिरवणं एवढं मात्र तंतोतंत उचलावं. यंत्राचा दरवाजा असा करा की प्रत्येक रोपापर्यंत हात सहज जाईल. ज्या कोपऱ्यात हात पोचत नाही तिथे रोग राहतो.

एक इशारा. धिंगरी आळंबी छत्री सपाट होण्याआधी काढा. ती प्रचंड बीजाणू सोडते आणि श्वासातून ते सतत जात राहिले तर फुप्फुसांना त्रास होतो. कुणाला दमा असेल तर घरात आळंबीचा कप्पा नकोच.

ओलावा

बुरशीमित्र, जोडणी पक्की. एक विचारते: मी पेटी बंद ठेवून उडालेलं बाष्प परत पाण्यात आणायचा विचार करत होते. रोप जेवढं पाणी ओढतं त्यातलं ९५ टक्क्यांहून अधिक हवेत जातं. उंटाच्या नाकात बाहेर जाणारा श्वास गार होतो आणि त्यातलं बाष्प नाकातच उरतं, तशी गार नळी वर लावली तर?

गणिती

उंटाच्या नाकाला वाळवंटातली कोरडी हवा मदत करते. आत घेतलेल्या कोरड्या श्वासानं ओलं नाक बाष्पीभवनानं गार पडतं आणि तोच गारवा श्वास सोडताना कामी येतो. तुमच्या पेटीत गारवा आणणार कुठून? एक लिटर बाष्पाचं पाणी करायला सुमारे ०.६८ युनिट उष्णता काढून टाकावी लागते. पाण्याची बचत होईल, पण ती विजेनं विकत घेतलेली.

मुळाक्षर

आणि दमट पेटीत लेट्यूसची आतली पानं कडेनं करपतात. खतात कॅल्शियम भरपूर असलं तरी करपतात. कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबर प्रवास करतं. हवा दमट असली की बाष्प उडत नाही, ओढ थांबते, कोवळ्या पानाला कॅल्शियम पोचत नाही. पेटी उघडीच बरी.

ओलावा

पटलं. पेटी पूर्ण बंद करायचा विचार सोडला. मग आता झडप. दमटपणा वाढला की उघडेल, कोरडं झालं की मिटेल. सगळे पाइनच्या शंकूचं उदाहरण देतात.

पानशिरा

शंकू उलटा चालतो. तो कोरड्यात उघडतो, ओल्यात मिटतो, कारण बी कोरड्या हवेत दूर जावं. तुम्हाला हवंय ते आइस प्लांटच्या बीजकोशात आहे. डेलोस्पर्मासारख्या वाळवंटी वनस्पतीचा वाळका कोश पाऊस लागला की उघडतो, सुकला की मिटतो. दोन्हींमागचं तत्त्व एकच: एकमेकांना चिकटलेले दोन थर, त्यांतला एक पाण्यानं जास्त फुगतो आणि पट्टी वाकते. कोश आणि शंकू दोन्ही मेलेल्या ऊतींचे असतात, जिवंत पेशीची गरज नाही. म्हणूनच हे घरी करता येतं. आखिम मेंगेस यांनी २०१२ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रासाठी लाकडी पापुद्र्यांची अशीच विजेशिवाय हलणारी रचना केली होती.

बनवायचं असं. लाकडाचा अगदी पातळ पापुद्रा घ्या. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेनं पुष्कळ फुगतं, रेषांच्या दिशेनं जवळजवळ नाहीच. म्हणून पट्टी अशी कापा की रेषा पट्टीच्या लांबीला आडव्या येतील. एका बाजूला न फुगणारी पातळ प्लॅस्टिकची फिल्म जलरोधक गोंदानं चिकटवा. लाकूड पेटीच्या आत, फिल्म बाहेर, आणि एक कड पेटीला पक्की. आत दमट झालं की लाकूड लांबतं, पट्टी बाहेर वळते, फट उघडते. चिकटवताना खोलीची हवा महत्त्वाची: ज्या कोरडेपणात झडप मिटलेली हवी, त्याच कोरडेपणात चिकटवा. पावसाळी हवेत चिकटवली तर कोरड्या दिवसात ती आत वाकेल. पापुद्र्यावर बुरशी धरली तर पट्टी बदला, तिला रासायनिक लेप देत बसू नका. लेपानं लाकूड पाणी घेईनासं होतं.

नवखी

हे मी नक्की करून बघणार. वाऱ्याचं काय? छोटा पंखा ठेवू का?

मुळाक्षर

ठेवा, आणि थांबून थांबून चालणारा ठेवा. हलवलेली, स्पर्शलेली रोपं बुटकी आणि जाड देठाची होतात. मार्क जाफे यांनी १९७३ मध्ये याला थिग्मोमॉर्फोजेनेसिस नाव दिलं. शिवाय पानाला चिकटून राहणारा स्थिर हवेचा थर वाऱ्यानं पातळ होतो, म्हणून कार्बन डायऑक्साइड आत शिरतो आणि पानांचं करपणंही कमी होतं. पंखा नसेल तर येताजाता रोपांवरून हळुवार हात फिरवा.

वारूळप्रेमी

उशिरा आलो, पण दोन मुद्दे. खणांच्या पन्हळींना कमळाच्या पानासारखा पाणी न धरणारा लेप द्यावा का? माझ्या मते नको. बार्थलॉट यांनी दाखवलेले कमळाच्या पानावरचे मेणाचे बारीक स्फटिक झिजले की पान पुन्हा बनवतं. आपला लेप झिजला की झिजला, आणि त्याचे कण अन्नाजवळ.

दुसरा पाल्याच्या कचऱ्याचा. टाकीच्या ब्रोमेलियाडकडे बघा, अननसाचे हे नातलग. पानांच्या कपात पाणी आणि गळलेला पाला जमतो, त्यात अळ्या, जिवाणू राहतात, त्यांनी कुजवलेलं पोषण पानं थेट शोषतात. कल्पना मोहक आहे. पण तिथे कुजण्याचा वेग आणि झाडाच्या वाढीचा वेग दोन्ही संथ असतात. पालेभाजीला महिना-दीड महिन्यात भरपूर नत्र हवं. कुजण्यातून आधी अमोनिया येतो, मग जिवाणू त्याचं नायट्राइट आणि नायट्रेट करतात, आणि त्या जिवाणूंची वस्ती बसायला आठवडे लागतात. पाण्यात थेट पाला टाकला तर कुजणारे जीव प्राणवायू संपवतात आणि मुळं आधी मरतात. कचरा वेगळ्या गांडूळ-डब्यात, बाहेर कुजवा. पक्कं झालेलं गांडूळखत मातीच्या कुंडीत वापरा. क्रॅट्कीच्या भांड्यात विद्राव्य खतच.

बुरशीमित्र

सहमत. कोठी वेगळी ठेवण्याचा मुंग्यांचा नियम इथेही लागतो.

ओलावा

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला आराखडा आता असा ठरतोय: खिडकीलगत उघडा खण, मंद पांढऱ्या भिंती, पाल्यासाठी पंपाविना अपारदर्शक भांडी, खाली झाकलेला आळंबीचा कप्पा, त्याच्या वर लाकडी पट्ट्यांच्या झडपा, तुटवड्यापुरता एलईडी, सगळीकडे हात पोचेल अशी बांधणी. दीर्घ मुदतीच्या रोपांची टाकी वळणाच्या नळीनं जोडेन. शेजारी त्याच बियांची साधी मातीची कुंडी, तेवढ्याच उजेडात. यंत्र कुंडीपेक्षा सरस नसेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे. गणिती, नोंदी कशा ठेवू?

गणिती

चार रकाने: घातलेलं पाणी, जाळलेली वीज, रोपाशी घालवलेला वेळ, आणि काढणीचं वजन. खाल्लेल्या पाल्याचं ताजं वजन लिहाच, पण तुलना त्यावर करू नका. प्रत्येक काढणीतलं एक रोप मुळापासून उपटून पूर्ण वाळवा आणि ते वजन धरा. ताज्या पाल्यात ९५ टक्के पाणी असतं, तेव्हा सकाळी तोडलेलं आणि दुपारी तोडलेलं यांचंच वजन वेगळं भरतं. सुक्या वजनात तो घोळ उरत नाही. आणि एकेका रोपावर निष्कर्ष काढू नका. खणात निदान सहा, कुंड्यांत निदान सहा, आणि कुठलं बी कुठे जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर टपोरं बी नकळत लाडक्या यंत्रात जातं.